सुटलेलं पोट आणि भरलेलं पोट

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव तालुक्यात एका ओळखीच्या घरी बसलो होतो. पोरं लाकडी बैल ओढत दारोदार बोजारा मागत फिरत होती. तेवढ्यात आशाताई एक कागद आणि शिंप्याकडे असते तशी टेप घेऊन ओसरीवर आल्या. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा एक तक्ता त्यांना भरायचा असतो. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत, घरात कुणाला शुगर-बीपी. घरच्या सूनबाईंच्या कमरेला टेप लागली. घेर भरला ९२ सेंटिमीटर. या सूनबाई तुम्ही पाहिल्यात तर त्यांना कुणी जाड म्हणणार नाही. दंड काडीसारखे, गळ्याजवळची हाडं वर आलेली. ओसरीवर बसलेले एक शिकलेले, मानाचे गृहस्थ म्हणाले, "ताई, इथं पोट भराची मारामार हाय, अन् तुमी पोटं मोजून राहिले."

सगळे हसले. आशाताईही हसल्या आणि कागद घडी करून पुढच्या घरी गेल्या.

मला हसू आलं नाही, कारण हे वाक्य मी गेली काही वर्षं वेगवेगळ्या तोंडांतून ऐकतो आहे. चहाच्या टपरीवर ऐकलं, बैठकांमध्ये ऐकलं, शिक्षकांच्या खोलीत ऐकलं. लठ्ठपणा हा पुण्या-मुंबईचा विषय. तिकडं लोक बसून खातात, म्हणून त्यांची पोटं सुटतात. आपल्या जिल्ह्यात शेतकरी फास लावून घेतो, कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, पोरं हाडकलेली आहेत, आणि अशा ठिकाणी जाडपणाची चर्चा करणं म्हणजे उपाशी माणसाच्या जखमेवर मीठ चोळणं. हे म्हणणारी माणसं वाईट नाहीत. त्यांना इथल्या गरिबाची कळकळ आहे. पण त्यांचं म्हणणं चूक आहे, आणि ज्या गरिबाच्या बाजूनं ते बोलतात त्याचंच त्यात नुकसान आहे. म्हणून हे सविस्तर उत्तर.

सुरुवात शब्दापासून करतो, कारण घोळ तिथूनच आहे. आपल्याकडे माणसाचं वजन वाढलं की आपण म्हणतो, "तब्येत झाली." लग्नानंतर पोरगी अंगानं भरली की माहेरची माणसं समाधानानं म्हणतात, "मानवलं हिला सासर." पोट पुढे आलेला माणूस खात्यापित्या घरचा. ही भाषा पिढ्यान् पिढ्यांच्या उपासमारीतून आलेली आहे आणि तिची मला लाज वाटत नाही. ज्या गावांनी दुष्काळात माणसं झिजताना पाहिली, तिथे अंगावर मांस दिसणं ही देवाची कृपाच होती. पण या भाषेनं आपल्या डोक्यात एक समीकरण पक्कं करून टाकलं आहे. सुटलेलं पोट म्हणजे भरलेलं पोट. ओसरीवरच्या गृहस्थांचं सगळं म्हणणं या एका समीकरणावर उभं आहे, आणि ते समीकरण आता खोटं झालं आहे.

आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २०.६ टक्के जादा वजनाच्या किंवा लठ्ठ होत्या. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, त्या २४ टक्के झाल्या. पुरुष १८.९ वरून २२.९ वर गेले. हे शहरातलं असेल म्हणाल, तर त्याच पाचव्या फेरीत खेड्यातल्या बायकांचा आकडा १९.७ टक्के आहे. म्हणजे खेड्यातली दर पाचवी बाई. या मोजणीत जादा वजन धरलं जातं ते वजनाला उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा २५ किंवा त्याच्या वर गेला तर. आपल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये भारतीय शरीरासाठी ही रेघ खाली आणली. २३ च्या वर जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा. त्या रेघेनं मोजलं तर आकडे आणखी वर जातील.

आता महाराष्ट्र. पाचव्या फेरीत राज्यातल्या २३.४ टक्के बायका जादा वजनाच्या निघाल्या आणि २०.८ टक्के बायका गरजेपेक्षा कमी वजनाच्या. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहा. एकाच राज्यात जवळजवळ तितक्याच बायका हाडकलेल्या, तितक्याच सुटलेल्या. एक आकडा श्रीमंतांचा आणि दुसरा गरिबांचा असता तर मधली भिंत दिसली असती. पण ती भिंत आता एकाच गल्लीतून जाते, कधी कधी एकाच घरातून. सासू सत्तेचाळीस किलोची, सून एकोणसत्तरची, आणि सुनेचं दीड वर्षाचं पोर अंगणवाडीच्या तक्त्यावर लाल रेघेखाली. असं घर मारेगावात शोधायला फार चालावं लागत नाही.

खेड्यांचा वाटा किती, हे जगाच्या पातळीवरही मोजलं गेलं आहे. 'नेचर' या नियतकालिकात २०१९ मध्ये एक मोठा अभ्यास आला. दोनशे देशांतल्या ११ कोटींहून अधिक प्रौढांची वजनं-उंच्या त्यात एकत्र केल्या होत्या. १९८५ ते २०१७ या काळात जगाचा सरासरी वजन-उंचीचा आकडा जेवढा वाढला, त्यातला निम्म्याहून जास्त वाटा, ५५ टक्क्यांवर, खेड्यांचा होता. शहरानं खेड्याला बिघडवलं, हे आपलं नेहमीचं गाऱ्हाणं. या बाबतीत खेडं स्वतःच्या पायानं, आणि जास्त वेगानं, त्या वाटेवर चाललं आहे.

पण आकड्यांपेक्षाही मोठा मुद्दा त्या सूनबाईंच्या शरीरात आहे. काडीसारखे दंड आणि ९२ ची कंबर, हे एकत्र कसं?

याचं उत्तर परदेशातून आलेलं नाही, पुण्यातून आलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. त्या खेड्यांतलं बाळ जन्मताना सरासरी २.७ किलोचं होतं. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनचं बाळ ३.५ किलोचं. आठशे ग्रॅमचा हा फरक कशात होता, ते त्यांनी पाहिलं. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, उंची कमी. पण पाठीवरच्या चिमटीत येणारी चरबी जवळजवळ गोऱ्या बाळाइतकीच. आईला पुरेसं मिळालं नाही, की पोटातलं बाळ काटकसर करतं आणि ती काटकसर मांसात करतं, चरबीत करत नाही. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचाही वजन-उंचीचा आकडा नेमका २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना सारखा म्हणतो आणि आतलं शरीर वेगळंच असतं.

हे समजलं की 'इथं पोट भराची मारामार' हे वाक्य लठ्ठपणाच्या विरोधातला पुरावा राहत नाही, ते त्याचं कारण होऊन बसतं. आईच्या पोटात जो उपाशी राहिला, त्याचंच पोट तिशी-पस्तिशीत सुटतं, आणि त्याची शुगर जाड गोऱ्या माणसापेक्षा आधी निघते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह अभ्यासाचे निकाल २०२३ मध्ये आले. त्यात वजनाच्या हिशेबानं २८.६ टक्के प्रौढ लठ्ठ होते, पण कमरेच्या हिशेबानं ३९.५ टक्के. मधल्या फरकात आपल्या सूनबाई बसतात. वजनकाट्यानं त्यांना कधीच पकडलं नसतं. त्यांना पकडलं आशाताईंच्या टेपनं, जिच्यावर आपण हसलो.

आता माझ्या विरोधकांचा सर्वांत जोरदार मुद्दा घेतो. कोलाम पोडावरची पोरं. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक, कातकरी आणि माडिया गोंडांच्या बरोबरीची. मारेगाव, झरी-जामणी, केळापूर या पट्ट्यात त्यांची पोडं आहेत. तिथे आज जाडपणाची साथ आहे, असं मी म्हणत नाही. तिथे अजून हाडकलेपणाच आहे, आणि अंगणवाडीच्या, पोषण आहाराच्या पैशातला एक रुपयाही इकडे वळवावा, असं माझ्या स्वप्नातही नाही. पण 'लठ्ठपणावर बोललात तर कुपोषण मागे पडेल' या भीतीत एक मोठी चूक आहे. ती या दोन गोष्टींना तागडीची दोन पारडी समजते. याज्ञिकांच्या खेड्यांनी दाखवलं ते असं, की हे एकाच आयुष्याचे दोन टप्पे आहेत. आज पोडावर दोन किलोचं बाळ जन्मलं, तर उपाशीपणाची गोष्ट त्याला जगवून संपत नाही. ते पोर मोठं होईल, आश्रमशाळेत भात खाईल, वणीला नाहीतर हिंगणघाटला कामाला जाईल, आणि चाळिशीच्या आत त्याला कुणीतरी सांगेल की शुगर आहे. गरोदर कोलाम बाईच्या ताटात डाळ आणि अंडं पडणं, हा लठ्ठपणावरचा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे. तेव्हा कुपोषणासाठी भांडणाऱ्यांनी आमच्यापासून लांब कशाला बसायचं? आमचं भांडणही त्याच ताटाचं आहे.

गडचिरोलीचा अनुभवही लक्षात घ्यावा. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर, आणि त्याच्या पलीकडे ते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या ८६ खेड्यांतले मृत्यू तपासले. एवढा गरीब, एवढा आदिवासी मुलूख, तेव्हा पहिला नंबर हिवताप किंवा हगवणीचा असेल, असं कुणालाही वाटलं असतं. निघाला लकवा. दर शंभर मृत्यूंमध्ये चौदाहून अधिक. लकव्याचं खापर एकट्या जाडपणावर फोडता येत नाही, त्यात न तपासलेलं बीपी आहे, तंबाखू आहे, आणि आपल्या विदर्भाचा खर्रा आहे. पण 'हे श्रीमंती रोग आपल्याकडे नाहीत' असं म्हणत आपण बसलो असताना ते रोग मुकाट्यानं पहिल्या नंबरावर जाऊन बसतात, एवढं तरी त्यावरून शिकावं.

पुढचं म्हणणं मला जास्त टोचतं, कारण ते आपल्या माणसांवर आरोप करतं. जाड माणूस म्हणजे आळशी आणि खादाड. तालुक्यात पोटं सुटली असतील तर लोकांनी राबणं सोडलं म्हणून आणि जिभेचे चोचले वाढले म्हणून.

मग ताटाकडे बघू. माझ्या लहानपणी या भागात जेवण म्हणजे ज्वारीची भाकर. सकाळी कण्या, कधी आंबील, दुपारच्या शिदोरीत भाकर आणि जवसाची नाहीतर तिळाची चटणी, रात्री भाकर आणि तुरीचं वरण किंवा अंबाडीची भाजी. गव्हाची पोळी सणाला किंवा पाहुण्याला. त्या काळाची आरती ओवाळायची नाही मला. ते जेवण अनेकदा अपुरं होतं आणि बायकांच्या वाट्याला तर सर्वांत शेवटी येई. पण ते शेतातून घरात येत होतं. आज तालुक्यात मार्डीला जा, कुंभ्याला जा, बोटोणीच्या रस्त्याला लागा, नजर पोचेल तिथवर पऱ्हाटी आणि सोयाबीन. ज्वारीचं शेत दिसलं तर माणूस गाडी थांबवून बघतो. ही ज्वारी चोचल्यांपायी गेली का? ज्वारीला भाव नाही. सरकारी हमीभाव कागदावर असतो, खरेदीला दारात कुणी येत नाही. कणीस भरलं की पाखरं, आणि रात्री रानडुकरं आणि रोही. एकट्यानं ज्वारी पेरली तर साऱ्या शिवाराची डुकरं त्याच्याच वावरात उतरतात, आणि महिनाभर जागल करायला घरात माणूस नसतो. कापणी-मळणीला मजूर नाही. या सगळ्याला कंटाळून शेतकऱ्यानं ज्वारी सोडली, आणि घरचं धान्य संपल्यावर ताटात आलं ते रेशनचं.

रेशन ही चांगली गोष्ट आहे, त्यानं माणसं जगवली. आत्महत्याग्रस्त म्हणून निवडलेल्या १४ जिल्ह्यांत यवतमाळही होता, आणि २०१५ पासून इथल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यालाही २ रुपयांनी गहू आणि ३ रुपयांनी तांदूळ मिळू लागला. २०२३ मध्ये ते धान्य बंद करून माणशी महिना १५० रुपये खात्यात टाकायचं ठरलं. बाकीच्यांना अन्नसुरक्षेचं धान्य आता फुकट आहे. पण हे धान्य म्हणजे गहू आणि तांदूळ, फार करून हेच दोन. फुकटचा तांदूळ आणि बाजारातली महाग ज्वारी यांच्यामध्ये मजूर बाई तांदूळच शिजवणार. याला जिभेचे चोचले म्हणायचं असेल तर मग हिशेब कशाला म्हणायचं? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्यही द्यायची तरतूद आहे, तेव्हा त्याचा दर १ रुपया किलो होता. २०२३ हे तर साऱ्या जगानं भरड धान्याचं वर्ष म्हणून साजरं केलं आणि ज्वारीला 'श्रीअन्न' असं नाव मिळालं. नावाला मान मिळाला, ताटात भाकर आली नाही.

ज्वारी खाल्ली की वजन उतरतं, असा दावा मी करत नाही. भाकरीतही पिष्ट आहे. पण भाकर चावावी लागते, पोटात टिकते, आणि तिच्याबरोबर वरण लागतं, भाजी लागते, चटणी लागते. पातळ भातावर दोन चमचे तेलाची फोडणी टाकली की काम भागतं.

तेलाची गोष्ट तर आणखी वाईट आहे. सोयाबीनच्या दाण्यात साधारण ३६ ते ४० टक्के प्रथिन असतं आणि १८ ते २० टक्के तेल. आपला तालुका एकरांनी सोयाबीन पिकवतो. ते सगळं पोत्यात भरून बाजार समितीत जातं, तिथून कारखान्यात. कारखान्यात तेल एकीकडे निघतं आणि ढेप दुसरीकडे. ढेप, म्हणजे ज्यात सगळं प्रथिन आहे ती, कोंबड्यांच्या खाद्यात जाते, परदेशात जाते. तेल पुड्यात भरून मारेगावच्या दुकानात परत येतं आणि ज्यानं दाणा पिकवला तोच ते विकत घेतो. तुरीचंही असंच. पऱ्हाटीच्या ओळींमधली तूर घरी ठेवायला जागा नाही, कर्ज फेडायचं आहे, म्हणून ती मळणीच्या दिवशीच विकली जाते आणि श्रावणात डाळ किलोनं आणली जाते, तीही पाव किलो. प्रथिन पिकवणारा तालुका, आणि ताटात तेल, साखर, तांदूळ. यात खादाडपणा कुठे आहे, ते मला दाखवा.

वर सरकारचंच वागणं पाहा. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारनं 'आनंदाचा शिधा' सुरू केला, पुढे तो बंद पडला. १०० रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. गरिबाची दिवाळी गोड व्हावी, हा हेतू चांगला. डाळीबद्दल मी सरकारचे आभारच मानीन. पण २०२५ च्या फेब्रुवारीत 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी देशाला सांगितलं, की लठ्ठपणा वाढतो आहे, प्रत्येकानं तेल १० टक्के कमी वापरा. आपण माणशी वर्षाला २० किलोच्या आसपास तेल खातो आणि तज्ज्ञ १२ किलो पुरे म्हणतात, तेव्हा सल्ला बरोबर आहे. मग तो सल्ला रेशनच्या पिशवीनंही ऐकायला हवा. २०२५ च्या सप्टेंबरात बिस्किटं, नमकीन, नूडल्स, चॉकलेट यांच्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. २०२२-२३ च्या खर्च पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चातला ९.६२ टक्के भाग तयार खाद्यपदार्थ आणि पेयांवर जात होता. दुधापेक्षा जास्त, भाजीपेक्षा जास्त. पाच रुपयांचा पुडा प्रत्येक किराणा दुकानाच्या दारात माळेसारखा टांगलेला आहे. रडणाऱ्या पोराला कापूस वेचणारी आई तो पुडा देते, कारण त्या क्षणी तिच्याकडे दुसरं काही नसतं. पुड्यावर काय लिहिलं आहे ते तिला वाचता येत नाही, आणि वाचता आलं तरी ते इतकं बारीक असतं की उपयोग नाही. चिली देशानं २०१६ पासून अशा पाकिटांवर मोठा काळा अष्टकोन छापायला लावला, जो लहान मुलालाही कळतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिटावरच्या इशाऱ्याचा प्रश्न लवकर सोडवायला सांगितलं. हे सगळं ज्यांच्या हातात आहे त्यांना सोडून आपण त्या आईला आळशी म्हणायचं?

आता राबण्याबद्दल. कष्ट कमी झाले, हे खरं आहे. डवरणाचे फेर कमी झाले, तणनाशक आलं आणि आठ-आठ दिवस चालणारं निंदण दोन दिवसांच्या फवारणीवर आलं. बैलजोडी गेली, ट्रॅक्टर आला. सोयाबीनला थ्रेशर आहेच, कुठे कुठे हार्वेस्टरही. शेतावर जायला मोटरसायकल. बाईच्या डोक्यावरून हंडा उतरला, हातातून जातं कधीच गेलं, चुलीच्या जागी गॅस आला. ही सुटका आहे आणि ती व्हायलाच हवी होती. उन्हात वाकून निंदणाऱ्या बाईची कंबर बारीक होती हे खरं, पण ती चाळिशीतच वाकून जात होती, हेही खरं. ते दिवस परत यावेत असं जो म्हणतो, त्यानं एक आठवडा निंदून दाखवावं. माझं म्हणणं एवढंच, की कष्ट कमी झाले ते यंत्रांनी, आळसानं नाही. आणि निंदणाबरोबर त्या बाईची मजुरीही गेली, हे कुणी बोलत नाही. हाताला काम नाही, म्हणून हातात पैसा नाही, म्हणून ताटात डाळ नाही.

मग शहरातले तज्ज्ञ काय सांगतात? चाला. दिवसातून दोनदाच जेवा. विदर्भाचेच डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर पोचवलेली दोन वेळच्या जेवणाची पद्धत अनेकांना लाभली आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण कापूस वेचायला जाणारी बाई आधीपासूनच दोनदा जेवते. तिचा प्रश्न किती वेळा जेवायचं हा नाही, ताटात काय पडतं हा आहे. आणि चालायचं म्हणाल तर कुठे? वणी-करंजी रस्त्यावर, जिथे ट्रक अंगावरून जातात? गावात पहाटे फिरायला निघालेला पुरुष तब्येतीला जपणारा ठरतो, बाई निघाली की चार दारांतून चार माना बाहेर येतात. मारेगावला २०१५ मध्ये नगरपंचायत झाली. तिच्या हद्दीत बायकांना बिनधास्त अर्धा तास चालता येईल अशी, दिवे असलेली, कुत्री नसलेली एक जागा करायला किती खर्च येतो, हे एकदा सभेत विचारलं पाहिजे. हा मला चालण्याच्या उपदेशापेक्षा खरा प्रश्न वाटतो.

माझ्या विरोधकांची एक गोष्ट मला मान्य आहे. लठ्ठपणाबद्दल आजवर जे बोललं गेलं, ते बहुतेक वेळा माणसाला, विशेषतः बाईला, लाजवणारं होतं. दवाखान्यात गुडघा दुखतो म्हणून गेलेल्या बाईला सगळ्यांसमोर "आधी वजन कमी करा" असं बोललेलं मी पाहिलं आहे. ती बाई परत त्या दवाखान्याची पायरी चढली नाही. वजन उतरवण्याच्या पावडरी आता तालुक्यापर्यंत आल्या आहेत. हजारोंचे डबे, साखळी पद्धतीनं विकणारे, कर्ज काढून घेणारे. या सगळ्याची चीड येऊन कुणी म्हणालं, की हा विषयच नको, तर मी त्याची चीड समजू शकतो. पण त्यावर गप्प राहणं हा इलाज नव्हे. आपण गप्प राहिलो की तो विषय पावडर विकणाऱ्याच्या हातात जातो.

आणि आपली बाई आयुष्यात काट्यावर कधी उभी राहते? गरोदरपणात. नऊ महिने तिचं वजन वहीत लिहिलं जातं, कारण त्या वजनात बाळ असतं. बाळ झालं की वही मिटते. पुढची तीस वर्षं तिचं वजन कुणाच्याच कामाचं नसतं. माझ्या आईची शुगर कळली ती पायाची जखम भरेना म्हणून, तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती. आशाताईंची टेप ही त्या तीस वर्षांतली पहिली चौकशी आहे. तिच्यावर हसू नका. मागायचंच असेल तर हे मागा, की कंबर मोजल्यावर पुढे काय? ज्या बाईचा घेर ८० च्या वर, ज्या माणसाचा ९० च्या वर, त्याचं बीपी आणि शुगर त्याच गावात, त्याच महिन्यात तपासली जावी, आणि गोळ्या उपकेंद्रात महिनोन् महिने न चुकता मिळाव्यात. त्या गोळ्यांसाठी तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत जाण्यात मजुराचा दिवस मोडतो, आणि दिवस मोडतो म्हणूनच गोळी सुटते.

हे लिहिण्याआधी मी ओसरीवरच्या त्या गृहस्थांकडे परत गेलो होतो. दोन तास बोललो. याज्ञिकांचं दोन फोटोंचं उदाहरण सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ज्वारीचं म्हणशील तर मी पेरतो ना. पन डुक्कर कोन राखन?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी आम्ही दोघांनी मिळून एक ठराव लिहिला आहे. कायद्यात लिहिलेल्या भरड धान्यातली ज्वारी आमच्या रेशन दुकानात यावी, ती याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांकडून हमीभावानं घेतली जावी, आणि ज्वारीच्या शिवाराला वनखात्यानं सामूहिक कुंपण द्यावं. त्यात एक ओळ सूनबाईंनी घालायला लावली, की शिधा पुन्हा दिलात तर त्यातलं पामतेल कमी करून तेवढ्याच पैशांची तूरडाळ द्या. पहिली सही त्यांची आहे.